मेट्रोपोलिस (१९२७) सोसायटीत दाखवायचाय, कुठलं व्हर्जन लावू?

घोडबंदरचा_ट्रॅफिक:

मंडळी, एक मदत हवीये. आमच्या सोसायटीत (घोडबंदर रोड, मानपाड्याच्या पुढे) आम्ही काही जण महिन्यातून एकदा क्लबहाऊसमध्ये पिक्चर लावतो, प्रोजेक्टर आहे, साउंड बरा आहे, समोसे असतात म्हणून गर्दीही होते. आत्तापर्यंत हिंदी-मराठीच चाललं होतं, या वेळी मी जोशात येऊन ग्रुपवर टाकलं की दिग्दर्शक फ्रिट्झ लँगचा मेट्रोपोलिस दाखवू, रोबोटवाल्या सगळ्या पिक्चरांचा पणजोबा. लोकांनी अंगठे दाखवले, म्हणजे आता मागे फिरता येत नाही.

आता शोधायला बसलो तर डोकं चक्रावलं. एक आहे तो दीड तासाच्याही आतला, चित्रं रंगवलेली आणि वर ऐंशीच्या दशकातली इंग्लिश रॉक गाणी. एक दोन तासांचा आहे, चित्र एकदम स्वच्छ पण मधे मधे नुसत्या पाट्या येतात की इथे अमुक सीन होता. आणि एक अडीच तासांचा, ज्यात चांगलं चाललेलं असताना अचानक चित्र घासणीने घासल्यासारखं होतं आणि मग परत नीट होतं. शिवाय यूट्यूबवर कुणी कुणी टाकलेले आहेत ते वेगळेच, कुठे संगीत भलतंच, कुठे माणसं चार्ली चॅप्लिनसारखी तुरुतुरु पळतायत.

प्रेक्षक म्हणजे चार-पाच आज्या, आठवी-नववीची पोरं, आणि आयटीवाले जे अर्धा वेळ मोबाइलमध्ये असतील. मूकपट आहे हे अजून कुणाला सांगितलेलं नाहीये :) फरक नुसता लांबीचाच आहे की गोष्ट पण बदलते? लांबीचाच असेल तर मी सरळ छोटा लावतो आणि मोकळा होतो.

रीळ_क्रमांक_पाच:

गोष्ट बदलते आणि चांगलीच बदलते, म्हणून छोटा लावून मोकळा होऊ नकोस. थोडं लांबलचक सांगतो, चहा घेऊन बस.

बर्लिनला १० जानेवारी १९२७ ला पहिला खेळ झाला तेव्हा फिल्म होती ४१८९ मीटरची, सेकंदाला २४ फ्रेमने चालवली तर १५३ मिनिटं होतात. बनवणारी कंपनी ऊफा, तिचं या पिक्चरपायी दिवाळं निघायची वेळ आली होती, १९२५ च्या मेपासून ऑक्टोबर १९२६ पर्यंत शूटिंग चाललेलं आणि खर्च ५० लाख मार्कांच्या वर गेलेला. त्यात ऊफाने आधीच पॅरामाउंट आणि एमजीएमकडून कर्ज घेऊन ठेवलेलं, त्यामुळे अमेरिकेत पिक्चर कसा लागणार ते तिकडचे लोक ठरवणार. त्यांनी चॅनिंग पोलॉक नावाच्या नाटककाराला बसवलं आणि त्याने पाव हिस्सा कापून गोष्टच नव्याने शिवली. मग जर्मनीतसुद्धा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापलेलीच फिरवली. म्हणजे पूर्ण पिक्चर जगाने जेमतेम काही महिने पाहिला, आणि मग ८० वर्षं कुणीच नाही.

आता कापलं काय ते बघ. रॉटवांग हा शास्त्रज्ञ, तो रोबोट का बनवतो? मूळ गोष्टीत त्याचं हेल नावाच्या बाईवर प्रेम असतं, ती त्याला सोडून शहराच्या मालकाशी, म्हणजे फ्रेडरसनशी लग्न करते आणि मुलाला जन्म देताना मरते. तो मुलगा म्हणजे आपला हिरो फ्रेडर. रॉटवांगने घरात हेलच्या डोक्याचा अवाढव्य पुतळा पडद्याआड ठेवलाय, आणि यंत्राची बाई बनवतोय ती हेल परत मिळावी म्हणून, त्यात त्याचा उजवा हातही गेलाय. तो काळा हातमोजा वर धरून उभा राहतो ना, तो सीन यासाठी आहे. अमेरिकेत हे नाव ऐकायला नरकासारखं वाटतं म्हणून पोलॉकने अख्खी हेलच काढून टाकली. मग रोबोट उरला तो कामगारांच्या जागी ठेवायला बनवलेलं मशीन, आणि रॉटवांग झाला नुसता केस पिंजारलेला वेडा. शेवटी तो हिरोइनला, मारियाला घेऊन चर्चच्या छपरावर का पळतो हे छोट्या व्हर्जनमध्ये कुणालाच कळत नाही, कारण तिच्यात त्याला हेल दिसत असते आणि हेल तर पिक्चरमध्येच नाही!

तुझ्याकडे सापडलेल्यांपैकी दोन तासांवालं आहे ते २००१ चं जर्मन रिस्टोरेशन, मार्टिन कोएर्बरच्या टीमचं. हाताशी होत्या त्यातल्या उत्तमोत्तम प्रिंट जमवून केलेलं, म्हणून चित्र इतकं स्वच्छ, आणि जे सापडलंच नाही तिथे पाट्या. त्याच वर्षी युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत हा पिक्चर गेला, त्या यादीतला पहिलाच सिनेमा. अडीच तासांवालं २०१० चं.

ऐरोली_लोकल:

एवढं वाचून घोडबंदरवाल्याने समोसे कॅन्सल केले असतील 😄

भावा मी वेगळं सांगतो. गाण्यांवालं लाव. ते १९८४ चं संगीतकार जॉर्जिओ मोरोडरचं व्हर्जन आहे, फ्रेडी मर्क्युरी, बॉनी टायलर, पॅट बेनाटार, ॲडम अँट, सगळे आहेत त्यात. पाट्या काढून त्याने खाली सबटायटल टाकलीयत म्हणून पळतो पिक्चर. आठवीतल्या पोराला १९२७ चं काहीतरी पहिल्यांदा दाखवतोयस, त्याला अडीच तास बसवलंस तर तो आयुष्यात परत मूकपट बघणार नाही, लिहून देतो. मी स्वतः पहिल्यांदा हेच बघितलं, हॉस्टेलवर, रात्री, आणि ते यंत्र राक्षसाचं तोंड होऊन कामगारांना गिळतं तिथे सगळे गप्प झाले होते. हेल बिल काही माहीत नव्हतं, काही अडलं नाही. पूर्ण नंतर बघितलंच की, ज्याला बघायचंय तो बघतोच.

पाचपाखाडीची_पेटी:

ऐरोली_लोकल, मोरोडर मलाही आवडतो, पण ती गाणी पिक्चरच्या वर बसतात. समोर कामगार मान खाली घालून, पाय ओढत, एका लयीत चाललेत आणि कानात ड्रम मशीन वेगळ्याच चालीत, मला तर ते बघताना पाय कुठे ठेवू कळत नाही. व्हिडिओ म्हणून ठीक. क्वीन बँडने रेडिओ गागा गाण्याच्या व्हिडिओत याच पिक्चरचे तुकडे वापरलेत, तिथे झकास बसतात कारण पाचसहा मिनिटांचं काम आहे.

मूळ संगीत गॉटफ्रीड हुपर्ट्झचं आणि ते काही नंतर चिकटवलेलं नाहीये, खास याच पिक्चरसाठी मोठ्या ऑर्केस्ट्राला लिहिलेलं आहे. कामगार खवळतात तिथे फ्रान्सचं राष्ट्रगीत मार्सेय वळणं घेत घेत येतं आणि मृत्यूच्या जागी डीएस इरे ही चर्चमधली जुनी चाल. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच. हुपर्ट्झच्या पियानोच्या नोटेशनमध्ये हजाराच्या वर खुणा आहेत, की इथे अमुक पाटी, इथे तमुक माणूस आत येतो. पिक्चरचे तुकडे कुठल्या क्रमाने होते हे कुणालाच ठाऊक नव्हतं तेव्हा रिस्टोरेशनवाल्यांनी ते नोटेशन समोर ठेवून सीन लावले! आणि सेन्सॉरकडे जमा केलेली कार्डं होती, त्यावरून पाट्यांचा मजकूर. म्हणजे चित्र हरवलं आणि पेटीवाल्याच्या वहीने पत्ता सांगितला. आम्हा संगीतवाल्यांना एवढा मान कुठे मिळतो.

तर जे काही लावशील ते हुपर्ट्झच्या संगीतावरचं लाव आणि आवाज मोठा ठेव. २०१० च्या व्हर्जनला बर्लिनच्या रेडिओ ऑर्केस्ट्राने वाजवलंय, कंडक्टर फ्रँक स्ट्रोबेल. क्लबहाऊसच्या त्या छोट्या स्पीकरवर नको, कुणाकडून तरी चांगले आणा.

घोडबंदरचा_ट्रॅफिक:

बापरे, धन्यवाद सगळ्यांना. हेलचं वाचून छोटा लावायचा विचार ढिला पडलाय. पण ते घासलेलं चित्र? आमच्याकडे कमिटीतले एक काका आहेत, चित्र जरा हललं की प्रोजेक्टर कुणी सेट केला म्हणून विचारतात. तिथे अर्धा वेळ रेघोट्या दिसल्या तर माझी खैर नाही.

रीळ_क्रमांक_पाच:

अर्धा वेळ नाही, अडीच तासांत साधारण २५ मिनिटं. आणि काकांना त्या रेघोट्यांची गोष्ट आधीच सांगून टाक, मग तेच बाकीच्यांना गप्प बसवतील.

१९२८ च्या सुमाराला आडोल्फो विल्सन नावाच्या वितरकाने पूर्ण लांबीची प्रिंट अर्जेंटिनात नेली. तिकडे ती लागली, उतरली, मग एका समीक्षकाच्या खाजगी संग्रहात गेली, तिथून सरकारी कलानिधीकडे आणि १९९२ मध्ये ब्युनोस आयर्सच्या सिनेमा म्युझियममध्ये. मधे कधीतरी जुनी नायट्रेट फिल्म पेट घेते म्हणून १६ मिलिमीटरवर कॉपी केली आणि मूळ टाकून दिली, कॉपी करताना साफसुफी काही नाही, म्हणजे आधीच्या प्रिंटवरचे सगळे ओरखडे आणि तेलाचे डाग चित्रातच छापले गेले. आता कितीही कॉम्प्युटर लावा, ते ओरखडे चित्राचाच भाग आहेत.

आणि सापडली कशी? फर्नांडो पेन्या नावाचा तिथला अभ्यासक, त्याने फिल्म क्लब चालवणाऱ्या एका जुन्या माणसाकडून ऐकलं होतं की मेट्रोपोलिस दाखवताना फिल्म प्रोजेक्टरमध्ये नीट बसत नव्हती म्हणून तो दोन तासांच्या वर बोटाने दाबून उभा होता. दोन तासांच्या वर! म्हणजे ज्या पिक्चरच्या सगळ्या ज्ञात प्रिंट त्याहून लहान, त्याची ही कुठली प्रिंट? शेवटी २००८ मध्ये म्युझियमच्या संचालक पाउला फेलिक्स दिदिये आणि पेन्या यांनी डबे उघडून बघितले. मग १२ फेब्रुवारी २०१० ला बर्लिनमध्ये ऑर्केस्ट्रासकट खेळ झाला आणि बाहेर ब्रांडेनबुर्ग गेटपाशी लोक कडाक्याच्या थंडीत उभे राहून पडद्यावर बघत होते.

अजून एक गंमत. रेघोट्यांवाला भाग आला की फ्रेम पण थोडी लहान होते, कडेला काळं दिसतं, कारण १६ वर उतरवताना कडेचं चित्र कापलं गेलं. तो काळा भाग मुद्दाम तसाच ठेवलाय, चित्र ताणून भरलेलं नाही. मला ते फार प्रामाणिक वाटतं. काकांना सांग सेटिंग बरोबर आहे.

दोन जागा मात्र अजूनही पाट्यांवरच आहेत, चर्चमधल्या साधूचं प्रवचन आणि रॉटवांग-फ्रेडरसनची मारामारी. अर्जेंटिनाच्या प्रिंटमध्येही ते फार खराब झालेले होते.

वागळे_इस्टेट_निवृत्त:

मी नुसता वाचणारा आहे पण इथे लिहावंसं वाटलं. टर्नर म्हणून वागळे इस्टेटला नोकरी केली, तीन पाळ्यांमध्ये. मुलाने मला हा चित्रपट दोन वेळा दाखवला, आधी दोन तासांचा आणि मग मोठा.

रीळवाल्यांना हेल महत्त्वाची वाटते, मला मोठ्या चित्रपटात महत्त्वाचा वाटला तो ११८११ नंबरचा कामगार. दोन तासांच्या चित्रपटात तो मालकाच्या पोराशी कपडे बदलतो, आणि संपला, पुढे काय ते पाटीवर. मोठ्यात दिसतं की तो त्या भारी कपड्यात गाडीत बसलाय, सांगितलेल्या पत्त्यावर जायचंय, खिशात हात घातला तर नोटांचं पुडकं. बाहेर नाचगाण्याच्या अड्ड्याच्या जाहिराती पत्रकांसारख्या उडतायत, शेजारच्या गाडीत एक बाई. त्याच्या तोंडावरचं बघा तिथे. ड्रायव्हरला पत्ता बदलायला सांगतो. पगाराच्या दिवशी गेटबाहेर पडलेली अशी तोंडं मी बघितलीत, त्यामुळे तो सीन मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. तो हेर पण, उंच काळ्या कपड्यातला, छोट्यात नुसता उभा असतो, मोठ्यात तो मालकाने नोकरीवरून काढलेल्या जोसाफाटच्या घरी जाऊन आधी पैशाने आणि मग दमदाटीने त्याला फोडायला बघतो. असा माणूस प्रत्येक कारखान्यात असतो, युनियनमध्ये काय चाललंय ते वर पोचवणारा.

मालकाच्या ऑफिसातलं घड्याळ नीट बघा. चोवीस तासांचं एक आणि दहा तासांचं वेगळं, पाळीचं. ज्याने हे डोक्यातून काढलं त्याने भोंगा ऐकलेला असणार.

आता तक्रार. ते घड्याळासारखं मशीन, ज्याचे काटे दिवे लागतील तिथे ओढत राहायचे, त्यावर बनतं काय? मुलगा म्हणाला की इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने १९२७ मध्येच हा चित्रपट झोडपला होता, त्याचंही म्हणणं हेच की यंत्रं आली की असली राबणूक कमी होते, मग इतकी माणसं कशाला. मला वेल्सचं पटलं. आणि शेवट तर कुठल्याही लांबीत तोच, मालक आणि फोरमन यांनी हात मिळवायचे कारण डोकं आणि हात यांच्या मधे हृदय पाहिजे. वेतनकरार असा होत नाही हो.

रीळ_क्रमांक_पाच:

काका, झकास लिहिलंत. शेवटाबद्दल स्वतः लँगनेही पुढे नाराजी बोलून दाखवलीये. वेल्सबद्दल एकच म्हणेन, इंग्लंडात लागली होती ती कापलेलीच, म्हणजे त्याला रॉटवांगचं दुःख दिसलंच नव्हतं.

वागळे_इस्टेट_निवृत्त:

दिसलं असतं तरी मशीनवर काय बनतं हे त्याने विचारलंच असतं.

बेळगाव_ते_नेरूळ:

तुम्ही सगळे लँग लँग करताय, कथा पटकथा लिहिणाऱ्या बाईचं नाव कुणीच घेत नाहीये. थेआ फॉन हार्बू, लँगची तेव्हाची बायको. आणि आता आमच्या गावाकडची बाजू ऐका. १९३३ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला, लँग जर्मनी सोडून गेला, ती तिथेच राहिली आणि नाझी पक्षात गेली. पण तिने नंतर गुपचूप लग्न केलं कुणाशी, तर आयी तेंडुलकरांशी! बेळगावजवळच्या बेळगुंदीचे, बर्लिनमध्ये पत्रकारिता करणारे. नाझी राज्यात भारतीय माणसाशी उघड लग्न शक्य नव्हतं. युद्धाआधी तेंडुलकर भारतात परतले, इंग्रजांनी तुरुंगात टाकलं, आणि १९४५ मध्ये सेवाग्रामला इंदुमती गुणाजींशी त्यांचं लग्न झालं, गांधीजींच्या समोर. त्यांच्या मुलीने, लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी, या तिघांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलंय.

म्हणजे रोबोटची आई अर्धी आपल्याकडची सून! घोडबंदरवाले, हे खेळाच्या आधी माइकवर सांगा, आज्या मोबाइलवाल्यांना गप्प करतील.

फक्त हृदय-बिदय वाला तो सुविचार तिचाच आहे, आणि माणूस नाझी झाल्यावर तो सुविचार वाचताना मला कसंतरी होतं. कामगार आणि मालक एक होऊन एका नेत्यामागे, हे पुढे कुठे गेलं ते आपल्याला माहीत आहे. पिक्चर म्हणून बघाच, पण पोरांशी यावर बोला थोडं.

ऐरोली_लोकल:

तेंडुलकर?? हे कुठल्याच व्हर्जनमध्ये नव्हतं 😄 बरं मी मोरोडरवरून हटत नाही, पण आज्या असतील तर मोठा लावा.

घोडबंदरचा_ट्रॅफिक:

ठरलं, २०१० वालं लावतो. ग्रुपवर मूकपट असल्याचं पण टाकलं, दोन अंगठे कमी झाले. तीन शंका राहिल्या. एक, इंटरव्हल कुठे घेऊ? दोन, यूट्यूबवर माणसं पळतात ते का? तीन, सोसायटीत दाखवायला परवानगीचं काही?

रीळ_क्रमांक_पाच:

इंटरव्हल लँगनेच ठरवून ठेवलाय. पिक्चरचे तीन भाग आहेत, पूर्वरंग, मधला भाग आणि शेवटचा धुमाकूळ. पूर्वरंग तासाभराने संपतो, रॉटवांग भुयारात मारियाच्या मागे टॉर्च घेऊन लागतो, प्रकाशाचा तो गोल कवट्यांवरून, भिंतीवरून, तिच्या अंगावर येतो आणि ती पळायला जागा शोधते, तिथे पाटी येते. तिथेच दिवे लाव. पोरं समोसे खाऊन जागेवर परत येतील.

पळण्याबद्दल. मूकपटांचा वेग सगळीकडे एकच नसायचा, हाताने फिरवलेले कॅमेरे, आणि थिएटरवालेही खेळ लवकर संपवायला जोरात चालवायचे. वर मी १५३ मिनिटं म्हटलं ते २४ च्या हिशोबाने, तेच टीव्हीच्या २५ ने चालवलं की ६ मिनिटं गळतात. त्यामुळे दोन कॉप्यांची नुसती मिनिटं जुळवून सीन कापलाय की नाही ते कळत नाही, हे लक्षात ठेव. शिवाय शूटिंगच्याच वेळी तीन निगेटिव्ह बनवली होती, एक जर्मनीसाठी, एक पॅरामाउंटसाठी, एक बाकीच्या देशांसाठी, वेगळा कॅमेरा किंवा वेगळा टेक. म्हणून दोन प्रिंट शेजारी ठेवल्या तर तोच सीन पण हात जरा वेगळा हलतो. यावर मी अजून एक पानभर लिहू शकतो पण आवरतो.

परवानगीचं म्हणशील तर आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं, म्हणजे १९२७ चा मूळ पिक्चर कधीच मोकळा झाला. पण २०१० चं रिस्टोरेशन आणि त्यावरचं रेकॉर्डिंग नवीन आहे, त्यांचे हक्क वेगळे, त्यामुळे डिस्क विकत घेतली तरी वितरकाला एक मेल टाकून विचार. घरी बघणं वेगळं आणि क्लबहाऊसला शंभर माणसं बसवणं वेगळं.

पाचपाखाडीची_पेटी:

स्पीकर मी देते, पाचपाखाडीहून कुणीतरी येऊन घेऊन जा. फक्त रविवारी संध्याकाळी घोडबंदर रोडला मला बोलावू नका.

वागळे_इस्टेट_निवृत्त:

शनिवारी ठेवलंत तर मी येईन. पाट्या इंग्रजीत असतील ना? आमच्या हिला जमत नाही. कुणीतरी मराठीत मोठ्याने वाचा.

घोडबंदरचा_ट्रॅफिक:

काका शनिवारच करतो, या दोघंही, गेटवर माझ्या नावाने सांगा. पाट्या वाचायला नववीतली एक मुलगी तयार आहे, शाळेच्या नाटकात असते, आवाज खणखणीत आहे. तिला सगळ्या पाट्या आधी मराठीत करून द्यायच्यात, त्यासाठी या आठवड्यात कुणाला वेळ असेल तर मेसेज करा. वितरकाला मेल आत्ताच टाकतोय.